पाचातले तीन

आमच्या सौंसरची मुले वर्गात प्रश्न हिंदीत विचारतात आणि तास सुटला की दाराबाहेर तोच प्रश्न पुन्हा मराठीत विचारतात. दुसऱ्या वेळचा प्रश्न अधिक खरा असतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

गेल्या पावसाळ्यात अकरावीचे राज्यशास्त्राचे शिक्षक रजेवर होते म्हणून तो तास मी घेतला. विषय होता आपली संविधान सभा. तुलनेसाठी अमेरिकेची घटना काढली आणि फळ्यावर मोठ्या आकड्यांत ३/५ लिहिले. "तीन बटा पाँच," मुले एका सुरात म्हणाली. मागच्या बाकावर कोणीतरी 'तीन-पाच करू नको' असे कुजबुजले आणि हशा पिकला. मीही हसलो. तो अपूर्णांक म्हणजे खरोखरच फार मोठी तीन-पाच होती.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला राज्यांचे प्रतिनिधी बंद दारांआड बसले. कनिष्ठ सभागृहात कोणत्या राज्याला किती जागा, हे लोकसंख्येवरून ठरायचे होते. मग लोकसंख्येत कोण धरायचे? दक्षिणेच्या शेतांवर राबणारे लाखो गुलाम धरायचे की नाही? आपल्याला वाटते, मालक म्हणाले असतील, 'यांना मोजू नका.' झाले नेमके उलटे. मालकांना गुलामांची पुरती मोजणी हवी होती, डोईमागे एक. डोकी जितकी जास्त तितक्या जागा जास्त, आणि मत तर मालकाचेच! उत्तरेकडचे विचारत होते की ज्यांना तुम्ही बाजारात विकता, त्यांना इथे माणसे म्हणून कसे आणता? अखेर पाच गुलामांचे तीन धरावेत, यावर तडजोड झाली. हे प्रमाणही नवे नव्हते. चार वर्षांपूर्वी, १७८३ मध्ये, राज्यांवर खर्चाचा बोजा कसा वाटावा या चर्चेत ते निघाले होते. करासाठी काढलेले माप सत्तेसाठी कामी आले.

दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया उठून जाण्याची भीती घालत होते. म्हणून गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही आणि पळून गेलेला गुलाम मालकाला परत करायचा, हेही मान्य झाले. एवढे सगळे लिहूनही त्या घटनेत 'गुलाम' हा शब्द मात्र कोठेच येऊ दिला नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळाची संख्याही याच जागांवर बेतलेली होती. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे त्या पदावर व्हर्जिनियाचे गुलाममालक होते : वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्‍रो. सगळे काही त्या अपूर्णांकामुळे झाले असे नाही, पण त्याचा हातभार लहान नव्हता.

तास सुटला. एक मुलगी दाराशी थांबली होती.

"सर, त्या पाचातले तीन कोणते?"

मी म्हणालो, "अगं, तसे कोणी निवडले नव्हते. तो फक्त हिशेब होता."

"म्हणजे कोणालाच नाही मोजलं ना सर?"

घंटा झाली, आणि मी ती निमित्त करून निघालो. मुख्याध्यापकाला घंटेचा असाही उपयोग असतो.

घरी आल्यावर जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' काढले. १८७३ मधले ते पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी आपल्या देशातली गुलामी मोडली होती. चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये तिथे ती घटनादुरुस्ती झाली होती. पुण्यात बसून इतक्या दूरच्या लोकांचे असे मोकळ्या मनाने कौतुक करणे, आणि त्यातून स्वतःच्या देशबांधवांना आरसा दाखवणे, हे जोतीरावांनाच जमावे. पुढची गोष्ट मात्र कडू आहे. गुलामी गेल्यावर काळ्या माणसाची मोजणी पाचाची पाच झाली, त्यामुळे दक्षिणेच्या जागा वाढल्या. मग त्याच राज्यांनी परीक्षा, कर आणि दहशत यांच्या जोरावर त्याला मतपेटीपासून दूर ठेवले. १९६५ चा मताधिकार कायदा येईपर्यंत हे चालले.

आपल्याकडचा असा हिशेब १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात झाला. ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनल्ड यांच्या निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. २० सप्टेंबरला गांधीजींनी त्याविरुद्ध उपोषण सुरू केले आणि २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. जागा ७१ च्या १४८ झाल्या. आमच्या मध्य प्रांताच्या वाट्याला त्यांतल्या २० आल्या. मतदारसंघ मात्र संयुक्त राहिले. तशा संयुक्त मतदारसंघांसाठी नागपूरचे डॉ. मुंजे आणि मद्रासचे एम. सी. राजा यांनी त्याच वर्षी आधी एक करार करून ठेवला होता. आमच्या भागातल्या जुन्या लोकांना मुंजे जवळचे वाटत, म्हणून ती बाजू आमच्या घरांत अधिक ऐकू येई.

मी वर्गात नेहमी सांगतो की फिलाडेल्फियाला ज्यांची मोजणी चालली होती, त्यांच्यापैकी कोणी आत नव्हते, येरवड्याला डॉ. आंबेडकर समोर बसले होते. हा फरक लहान नाही. पण एका माणसाचे प्राण टांगणीला लागलेले असताना समोर बसणे कसे असते, हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते. करारानुसार अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवारांची यादी निवडायची आणि मग सर्वांनी मिळून त्यांतला एक. म्हणजे शेवटचा शब्द बहुसंख्याकांचा. जागा एकाच्या संख्येवर आणि निवड दुसऱ्याच्या मतावर! याबद्दलची आपली तक्रार बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात सविस्तर मांडली. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि तिकडचे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज करणार होते, त्याची प्रत मागवली. जोतीरावांनी त्या देशातल्या मुक्तिदात्यांकडे पाहिले होते. बाबासाहेबांनी मुक्त होऊनही अर्ज घेऊन उभ्या असलेल्यांकडे पाहिले.

पुणे करारानंतर दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, आमच्या मूळ गावी शाळा उघडली. गावाचे नाव लिहीत नाही. तेव्हा तशी गावे पुष्कळ होती. शाळा उभारणाऱ्यांत माझे आजोबा पुढे होते. महारपुऱ्यातल्या मुलांना त्यांनी पहिल्या दिवसापासून शाळेत घेतले, ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या अभिमानाने सांगितली गेली. मीही स्नेहसंमेलनांतून ती कितीदा तरी सांगितली. १९९६ मध्ये अशाच एका कार्यक्रमानंतर एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले. अंगावर पांढरे स्वच्छ धोतर होते, हातात काठी होती.

"तुमचे आजोबा चांगलेच होते जी, मास्तर," ते म्हणाले. "आमचं नाव त्यायनंच पटावर लिवलं. पाटी मात्र ओसरीवर. पावसाचं घरी जा म्हनत. साहेब आले का आमाले बलावत, मोजाले."

मी नमस्कार केला. काहीतरी बोललो असेन. भाषणातली ती गोष्ट मात्र पुढेही तशीच सांगत राहिलो, फक्त 'पहिल्या दिवसापासून' हे शब्द जरा हळू म्हणू लागलो.

आजोबांच्या हिशेबाच्या वहीत त्या बैठकीची नोंद आहे. ती मुले आत बसली तर आपली मुले काढून घेऊ, असे काही घरांनी सांगितले. पट भरला नाही तर दुसरा मास्तर मिळणार नव्हता. आजोबांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. शाळा टिकली. त्याच शाळेत माझे वडील शिकले, आणि ते शिकले म्हणून मी एम. ए. झालो. आजोबा दुष्ट नव्हते. त्या बैठकीत त्यांच्याइतके मऊ कोणीच बोलले नसेल. पण त्या मुलांच्या आईबापांना कोणी बैठकीला बोलावले होते, असे वहीत कोठे नाही.

दुसऱ्या दिवशी ती वही मी शाळेत नेली आणि मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावून दाखवली. मोडी मिसळलेले अक्षर तिला लागेना, म्हणून मी वाचत गेलो. बत्तीस मुलांची नावे, बापाच्या नावासकट. त्याखाली एक ओळ : 'व बाहेर ९, एकूण ४१'.

"यांची नावं?" तिने नवाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले.

नऊंपैकी एकाचे नाव मला ठाऊक होते. १९९६ मध्ये त्यांनीच सांगितले होते. तिच्यासमोर ते मी पेन्सिलीने समासात लिहिले. तिने खाली एक ते आठ आकडे घातले आणि पुढच्या जागा कोऱ्या ठेवल्या. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन गावी जायचे ठरवले आहे. त्या वस्तीत आता कोणी म्हातारे उरले असेल, तर ओसरीवर कोण कोण बसत असे ते विचारीन.