हाक मारल्यावर यावंसं वाटलं पाहिजे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धाकट्यानं विहारामागच्या गटाराजवळून कुत्र्याचं एक पिलू उचलून घरी आणलं. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. त्याची आई गाडीखाली सापडून मेली होती. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. आम्ही म्हणालो, "जिथून आणलंस तिथं ठेवून ये." तेव्हा थोरलीनं विचारलं, "पप्पा, पहिलं शील फक्त विहारात म्हणायचं असतं का?" समाजकार्य म्हणून दर रविवारी मुलांना पंचशील सांगणारे आम्हीच. आमच्याकडं उत्तर नव्हतं. पिलू राहिलं. नाव ठेवलं मोत्या.

खरा विरोध आमच्या आईचा होता. ती महाडकडची. लहानपणी ती तिच्या आईबरोबर गावातल्या एका वाड्यावर कामाला जायची. मजुरी मागायला दोघी जरा पुढं सरकल्या, की ओट्यावरचा माणूस कुत्र्याला "छू" म्हणायचा. आईच्या पोटरीवर त्या दातांची खूण अजून आहे. ज्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता पण आपल्या माणसांना होता, त्या तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, हे आईला कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही. ती म्हणाली, "कुत्र्यांचे लाड बघतच आम्ही वाढलो. आता माझ्या घरातही तेच?" आणि आम्ही पट्टा नि साखळी आणली तेव्हा ती आणखीच बिथरली. "गळ्यात काही अडकवून कुणाला फिरवायचं, हे मला दाखवू नका." पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं होतं, हे ती विसरलेली नव्हती. आम्ही गप्प बसलो.

मोत्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लसी टोचून आणल्या. तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजचीही टोचली. पण शिस्तीच्या नावानं शून्य. हाक मारली की कान हलवायचा, आमच्याकडं बघायचा आणि उलट दिशेला पळायचा. साखळी लावली की दोन पाय वर करून अशी ओढ घ्यायचा की खोकला यायचा. वस्तीत लोक हसायचे. "साहेब कुत्र्याला फिरवतात की कुत्रा साहेबांना?"

एका संध्याकाळी दार उघडं राहिलं आणि मोत्या थेट मोठ्या रस्त्यावर गेला. रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला. आम्ही जिवाच्या आकांतानं "मोत्या, ये!" ओरडलो. आणि नवल म्हणजे त्या दिवशी तो आला. शेपूट हलवत, पायाशी. भीती आणि राग यांच्या भरात आम्ही पायातली चप्पल काढली आणि त्याला चार-पाच तडाखे दिले. तो कॉटखाली जाऊन बसला, तो रात्रभर बाहेर आला नाही. धाकटा रडत म्हणाला, "पप्पा, तो पळाला तेव्हा तुम्ही मारलं नाही. आला तेव्हा मारलं."

त्यानंतर "ये" हा शब्द कानावर पडला की मोत्या कॉटखाली. आठ दिवसांनी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांना म्हणालो, "कुत्रा फार हट्टी आहे." त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही बोलावलं आणि तो आला, तर त्याला काय मिळतं?" आम्ही हिशेब मांडून पाहिला. हिशेब हा तर आमचा रोजचा धंदा. बोलावून आम्ही काय करतो? आंघोळ घालतो, खेळ मोडून साखळीला बांधतो, ओरडतो, आणि एकदा चपलेनं मारलं. जमेच्या बाजूला काही नाही, सगळं खर्चाच्या बाजूला. मग तो का येईल? हट्टी तो नव्हता, आम्ही होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, की जो शब्द माराशी जोडला गेला तो सोडून द्या, नवा घ्या. घरात विचार चालू असताना आई कोपऱ्यातून म्हणाली, "आमच्या वाडीत भाकरतुकडा टाकताना कुत्र्याला 'यू यू' म्हणायचे." ज्या माउलीनं "छू" ऐकला होता, तिनंच "यू" दिला.

मग शिकवणी सुरू झाली, ती अशी. उकडलेल्या कलेजीचे चण्याएवढे तुकडे डबीत ठेवले. जेवणाआधी, पोट रिकामं असताना, दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. आधी खोलीतल्या खोलीत चार फुटांवरून. खुशीच्या आवाजात एकदाच "यू यू" म्हणायचं. आला की लगेच तुकडा आणि पाठीवर हात. दहा वेळा हाक मारायची नाही, कारण मग नऊ हाका वाया घालवायच्या असतात हेच तो शिकतो. थोरली एका खोलीत, धाकटा दुसऱ्या खोलीत, आळीपाळीनं हाक. मोत्याला तो खेळच वाटायचा. सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा.

आठवड्यानं ओटा, मग गल्ली, मग विहारामागचं मैदान. मैदानात कपडे वाळत घालायची तीस फुटांची नायलॉनची दोरी बांधून सोडायचं, म्हणजे मोकळीक वाटते आणि निसटत नाही. आला की तुकडा द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचं. ही गोष्ट फार महत्त्वाची. बोलावणं म्हणजे खेळ संपला असं त्याला वाटता कामा नये. आंघोळ घालायची असेल किंवा औषध द्यायचं असेल, तर बोलवायचं नाही, आपण उठून जवळ जायचं. आणि तो पळाला तर मागं धावायचं नाही. धावलं की त्याला शिवणापाणी वाटतं. आपण उलट दिशेला पळायचं, म्हणजे तो आपल्या मागं येतो.

साखळी आम्ही भंगारात दिली. छातीवरून जाणारा कापडी पट्टा आणला, म्हणजे गळ्यावर ताण नाही. दोन दिवस नुसता पट्टा घालून घरात हिंडू दिलं, मग दोरी लावली. नियम एकच. दोरी ताठ झाली की आपण झाडासारखं उभं राहायचं. ओढायचं नाही, हिसका द्यायचा नाही, बोलायचं नाही. त्यानं मागं वळून पाहिलं, दोरी सैल पडली, की चालायला लागायचं. आपल्या गुडघ्याशेजारी चालला की तिथंच तुकडा. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत जायला अर्धा तास लागला. मधेमधे त्याला मनसोक्त हुंगू द्यायचं. आपल्याला जसा पेपर, तसा त्याला रस्त्याचा वास.

महिनाभरानं आई ओट्यावर बसून बघत होती. दोरी जमिनीला टेकेल इतकी सैल, आणि मोत्या धाकट्याच्या बरोबरीनं चाललेला. ती म्हणाली, "ही दोरी वेगळी दिसते." आम्ही म्हणालो, "रस्त्यावर गाड्या आहेत म्हणून दोरी, आई. त्याला खाली पाडायला नाही." ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या ताटातला भाकरीचा शेवटचा तुकडा मोत्याचा झाला.

सहा-सात महिन्यांचा झाल्यावर तो पुन्हा बहिरा झाल्यासारखा वागू लागला. वयात येतं ते पोर असंच करतं. पुन्हा लांब दोरी, पुन्हा चार फुटांपासून सुरुवात. राग आला की आम्ही मनात धम्मपदातला दंडवग्ग आठवायचो. काठीला सगळेच भितात, आपल्यावरून दुसऱ्याचं ओळखा, हा त्याचा आशय. सम्राट अशोकानं गिरनारच्या शिलालेखात माणसांच्या बरोबरीनं जनावरांच्या औषधोपचाराची सोय केल्याचं कोरून ठेवलं. कायद्याचंही सांगतो. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला अति आखूड किंवा अति जड साखळीनं गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे.

यंदा १३ एप्रिलच्या रात्री जयंतीच्या तयारीत वस्तीत फटाके फुटले. अशा वेळी कुत्र्याला आत ठेवावं, हे ठाऊक असून दार उघडं राहिलं. चूक आमचीच. मोत्या घाबरून सुटला, तो पुन्हा त्याच मोठ्या रस्त्याकडं. आम्ही कमानीपाशी माळा बांधत होतो. ओट्यावरून आईचा आवाज आला, "यू यू… यू यू…" रस्त्याच्या अलीकडं दहा पावलांवर मोत्या थबकला, वळला आणि सरळ तिच्या मांडीत येऊन थरथरत बसला. वरून ट्रक गेला. कुणी त्याला मारलं नाही. डबीतली सगळी कलेजी आईनं त्याच्यापुढं ओतली.

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. मोत्याला चपलेनं मारलं, त्याच महिन्यात धाकट्याच्या दप्तराच्या तळाशी गणिताचा पेपर सापडला होता. २५ पैकी ९ गुण. आमच्या सहीची जागा रिकामी. म्हणजे तोही कॉटखालीच बसला होता. आम्ही वस्तीत शिक्षणावर भाषणं देतो, आणि आमचाच मुलगा पेपर घेऊन आमच्यापर्यंत येत नव्हता. आम्ही त्या दिवशी तो पेपर परत दप्तरात ठेवला आणि त्याबद्दल ओरडायचं नाही असं ठरवलं. रोज रात्री अर्धा तास त्याच्याजवळ गणित घेऊन बसू लागलो, एवढंच.

गेल्या महिन्यात आम्ही कामावरून आलो, तर तो पेपर हातात घेऊन दारातच उभा. २५ पैकी ११. म्हणाला, "पप्पा, दोन वाढले. पण अपूर्णांक मला येत नाहीत." आम्ही सही केली आणि अपूर्णांक काढले. मोत्या शेजारी येऊन बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.