सावंतवाडीच्या दरबारांत

आंबोलीचा घाट उतरून आम्ही सावंतवाडीस पोहोंचलों तेव्हां श्रावणाची सर नुकतीच येऊन गेली होती. मोती तलावाच्या कांठींच राजवाडा आहे. प्रवासी बहुधा तलाव पाहून, चितार आळींतून लांकडी आंबे-केळीं विकत घेऊन गोव्याची वाट धरतात. आम्हींही तेंच केलें असतें. परंतु आमच्या कुटुंबास गंजिफा पाहावयाच्या होत्या, आणि त्या हट्टापुढें आमचें कांहीं चालत नाहीं.

जेथें एके काळीं मानकरी बसत, त्या दरबारांत चितारी मंडळी खालीं मान घालून कुंचला चालवीत होती. वाटोळ्या पानांवर मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे अवतार उमटत होते. दशावतारी गंजिफेचीं पानें 120. रंग दहा, व प्रत्येक रंगांत राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पानें. जुनी रीत अशी कीं, कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवावे, घोटावे, रंगवावे व वर लाखेचा हात द्यावा. खेळही मोठा विचारी! निम्म्या रंगांत दश्शा चढा, निम्म्यांत एक्का चढा; दिवसां रामाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें आरंभ करावयाचा, रात्रीं तो मान कृष्णाचा. पत्त्यांस नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही ही करमणूक कशी रुचली असेल, हें यावरून उमगतें.

पुढें छापील पत्ते स्वस्त झाले, आणि गंजिफा रंगविणारे हात विरळ होत गेले. तेव्हां श्रीमंत शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध कारागिराकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली, आणि 1971 च्या सुमारास वाड्यांतच हें काम उभें केलें. थैली देणारे आश्रयदाते पुष्कळ ऐकिवांत आहेत. कारागिरापुढें शिष्य होऊन बसणारे राजे थोडे. राजेसाहेब 1995 सालीं व राणीसाहेब 2018 सालीं निवर्तल्या. काम मात्र थांबलेलें नाहीं.

एका पेटीची किंमत ऐकून आम्ही थबकलों. तोंच मागून हलक्या आवाजांत प्रश्न आला, "मामंजींच्या पेटीचें काय झालें, आठवतें ना?"

न आठवावयास काय झालें! आजोबांच्या हातची ती पेटी वडिलांनीं जन्मभर जपली होती. माळा साफ करतांना आम्हींच ती मुलांना दुकान-दुकान खेळावयास दिली. पावसाळ्याअखेर एक पान शिल्लक नव्हतें. त्या दिवशीं कोणी किंमत विचारली नव्हती.

पैसे मोजतां मोजतां आम्हीं एका तरुण चितारणीस विचारलें, "आपण खेळतां का हो?" ती हंसली. "रंगवतां येतात, पण खेळायला तिघे लागतात. घरीं कुणाला येत नाहीं. नेणारेही बहुतेक चौकटींत लावतात."

चौकट करावयाची नाहीं, असें आम्हीं जिना उतरतांना ठरविलें. त्याच रात्रीं उतरल्या ठिकाणीं आम्ही, कुटुंब व पुतण्या असे तिघे चटईवर बसलों. कृष्णाचा राजा पुतण्याकडे निघाला. मग कोणत्या रंगांत एक्का चढा व कोणत्या रंगांत दश्शा, यावर जो वाद पेटला तो दिवा मालवेपर्यंत मिटला नाहीं.