आधी काढून ठेवलेले

पंगत उठल्यानंतरचा मांडव आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पाने उचललेली असतात, आचारी खांद्यावरच्या पंचाने वारा घेत बसलेला असतो आणि मोठ्या टोपांच्या तळाशी भात, वरण, खतखते उरलेले असते. दारी आलेला पाहुणा अर्धपोटी जाऊ नये, या धास्तीने यजमान नेहमीच जास्त शिजवून घेतो. त्यामागे औदार्यच असते. परंतु त्या औदार्याचा शेवट पुष्कळदा परसातल्या खड्ड्यात होतो. खाऊन माजावे, टाकून माजू नये, ही म्हण आपण मुलांना ऐकवतो आणि खड्ड्याकडे पाठ फिरवतो.

काही वर्षांपूर्वी तुये गावातील आम्ही चार-पाच कुटुंबांनी ठरविले की, लग्न, मुंज, समाराधना अशा कार्यांत उरलेले अन्न गरजूंच्या घरी पोहोचवायचे. गावात औद्योगिक वसाहत आहे; पोटासाठी दूरदेशीहून आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात. शिवाय मुले नोकरीनिमित्त बाहेर गेल्यामुळे एकटी राहिलेली वृद्ध माणसे वाड्यावाड्यांवर आहेत. कल्पना नवी नव्हती. अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी 1967 मध्ये पहिली अन्नपेढी उघडली; मुंबईच्या डबेवाल्यांनी 2015 मध्ये 'रोटी बँक' सुरू केली. आम्ही दोन मोठे डबे घेतले, एक रिक्षा ठरविली आणि पुण्यकर्म करीत असल्याच्या समाधानात कामाला लागलो.

ते समाधान फार दिवस टिकले नाही. मे महिन्यातील एका लग्नात जेवणे दुपारी आटोपली, निरोप चार वाजता आला आणि आम्ही घरोघर पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. वाड्यावरच्या एका एकट्या काकींनी डब्याचे झाकण उघडले, क्षणभर वास घेतला आणि हळूच विचारले, "बाबांनो, हे तुम्ही तुमच्या घरी वाढले असते का?" नारळाचे वाटण घातलेले खतखते त्या उकाड्यात आंबले होते. आमच्यापैकी एकानेही निघण्यापूर्वी झाकण उघडून पाहिले नव्हते. आपल्या मुलाच्या ताटात वाढताना जे सहज केले असते, ते दुसऱ्याला देताना सुचले नाही. आम्ही डबा परत घेतला. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते.

त्यानंतर आम्ही शिकू लागलो. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, वाढेपर्यंत ते 60 अंशांच्या वर गरम असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्या अन्नाच्या संकलन-वाटपासाठी आपल्या देशातही 2019 मध्ये स्वतंत्र विनियम झाले. परंतु नियमांपेक्षा आम्हांला अधिक शिकविले ते आपल्याच घरच्या रीतीने. नैवेद्य, गोग्रास, काकबळी हे सारे पंगत बसण्यापूर्वी वेगळे काढले जाते. देवापुढे कोणी उरलेले ठेवीत नाही. मग माणसापुढे का ठेवावे? आता आम्ही यजमानांना आधीच विनंती करतो की, पहिली पंगत बसण्यापूर्वी काही पानांचे अन्न स्वच्छ भांड्यांत काढून द्यावे. त्यावर काहीजण नाराज होतात. कार्यघरातले अन्न पाहुण्यांच्या आधी बाहेर कसे जाऊ द्यावे, असे एकाने रागाने विचारलेही. काहीजण मात्र आता आपणहून चार पायल्या तांदूळ त्या हिशेबाने मोजतात.

आपल्या जुन्या घराण्यांतून गरीब विद्यार्थ्यांना वार लावून देण्याची चाल होती. सोमवारचा मुलगा सोमवारी येई आणि त्याचे पान घरच्यांबरोबर मांडले जाई. त्या चालीला जातीची वेस होती, आणि अनेक ठिकाणी तो मुलगा अपमानही गिळीत असे, हे लपविण्यात अर्थ नाही. तरीही त्यातील एक गोष्ट जपण्यासारखी आहे: त्याचे जेवण कोणाच्या उरण्यावर अवलंबून नव्हते. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज असेच पोटापाण्यासाठी गाव सोडून परमुलखात आले आणि स्थिरावले. आज भाड्याच्या खोलीत चूल मांडणाऱ्याला परका म्हणताना एवढे तरी आठवावे.

या डब्यांनी कोणाची गरिबी हटत नाही, हे आम्ही जाणून आहोत. त्याला मजुरी हवी, रेशन हवे. आमच्या हातून होते ते एका वेळचे जेवण, तेवढेच.

त्या काकींकडे आमचा डबा आजही जातो. त्या झाकण उघडून वास घेतात. आम्ही उभे राहून वाट पाहतो. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही त्यांची रीत. मागच्या खेपेस आत मूठभर सोले होती, उन्हात नीट वाळवलेली, आणि वर स्वच्छ धुतलेले केळीचे पान.