डटनांच्या अंगणात, बेथच्या सिक्रेटसह

‘यलोस्टोन’चे फॅन आहात? मग डटन कुटुंबाचं ते ऐसपैस लाकडी घर तुम्हाला पाठच असेल. तो सेट नाही बरं का! अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यात, मिझुला शहराच्या दक्षिणेला डार्बी नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथला हा ‘चीफ जोसेफ रँच’. घर १९१४ ते १९१७ या काळात बांधलेलं. शूटिंग नसलं की इथल्या केबिन्स भाड्याने मिळतात, रिपची केबिनसुद्धा!

सिरीज २०१८ ते २०२४ चालली. पण बेथ भावाचा, म्हणजे जेमीचा, इतका द्वेष का करते, हे कळायला २०२०चा तिसरा सीझन उजाडावा लागला. (बघितली नसेल तर पुढचा पॅरा गाळा!)

टीनएजर बेथ प्रेग्नंट असते. घरी कळू नये म्हणून जेमी तिला गुपचूप आदिवासींच्या रिझर्व्हेशनवरच्या क्लिनिकमध्ये नेतो. इथे अबॉर्शनसोबत नसबंदीही होते, असं तिथे त्याला सांगतात. तो ‘हो’ म्हणतो. बेथला मात्र एका शब्दाने सांगत नाही.

हा निव्वळ मसाला नाही. १९७६च्या अमेरिकी सरकारी अहवालानुसार, १९७३ ते १९७६ दरम्यान आदिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेच्या बारापैकी फक्त चार विभागांत ३,४०६ नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. संमतीपत्रकंही नियमांत बसणारी नव्हती.

रँचवर फोटो काढाच. पण ज्यांच्या सरदाराचं नाव त्याला दिलंय, त्या मूळ रहिवाशांची ही गोष्टही सोबत असू द्या.