खर्जाची तार

आमच्या नातवाच्या वाद्यवृंदात गिटारवाले तिघे, बेसवाला एकही नाही. तेव्हा यानेच बाजू बदलायचे ठरवले. बेस गिटारला सहांऐवजी बहुधा चारच तारा असतात. तारा कमी म्हणून खर्च कमी, असे मात्र नाही. गिटारच्या जाड चार तारांचेच सूर येथे एक सप्तक खाली वाजतात. त्यासाठी तार जाड हवी, लांबही हवी. घोडी ते मेरू हे अंतर गिटारवर साधारण २५.५ इंच, तर बेसवर ३४. साहजिकच तारांचा संचही महाग.

ज्या ग्वाल्हेरीत १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघाले, तेथल्या मराठी घरांना खर्ज समजावून सांगणे नको. तंबोऱ्याची चौथी तार उतरली की मैफल बिनसते. श्रोत्याला कारण उमगत नाही, एवढेच. बेसवाल्याचे स्थान तेच.

पेन्शनीत बसणारे वाद्य निवडताना आम्ही उभयतांनी नावापेक्षा दांडीकडे पाहिले. ती पिळवटलेली नसावी, वरच्या पडद्यांवरही सूर खरा लागावा, खुंट्या ढिल्या नसाव्यात. मग वापरलेले वाद्यही चालते. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या ‘प्रिसिजन’ बेसचा साधा आराखडा आजही स्वस्त वाद्यांत दिसतो, आणि साधेपणात बिघाड कमी.

गिटारचा लहान ॲम्प्लिफायर घरात आहेच. हलक्या आवाजात तो पुरेल. मोठ्याने वाजवल्यास स्पीकर फाटण्याची भीती, कारण सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्‌झचा, गिटारच्या निम्मा. नवा ॲम्प्लिफायर दिवाळीनंतर. तोवर नातू हेडफोन लावून बसतो आणि आम्हांला तारांची कोरडी टिकटिक तेवढी ऐकू येते.