दुहेरी खेळताय? डोळे सांभाळा!

वर्ध्यात जन्मलेल्या ज्वाला गुट्टाचा नेटजवळचा खेळ मला फार आवडायचा. मागून अश्विनी पोनप्पा जोरदार स्मॅश मारायची आणि परत आलेलं शटल पुढे डावखुरी ज्वाला टिपायची. या जोडीने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०११ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

दुहेरीत पुढच्याने मागच्यावर विश्वास ठेवायचा असतो, वळून बघायचं नसतं. आमच्या नवी मुंबईत सकाळी दुहेरी खेळणारे पन्नाशीचे बरेच जण नेमके वळून बघतात, आणि जोडीदाराचाच स्मॅश डोळ्यावर बसतो.

फुटबॉल लागला तर डोळ्याभोवतीचं हाड बराचसा मार झेलतं. शटलचं बूच मात्र जेमतेम अडीच सेंटीमीटरचं. ते खोबणीत थेट डोळ्यावरच आदळतं. त्यामुळे आत रक्तस्राव होऊ शकतो, पडदा सुटू शकतो, काही वर्षांनी काचबिंदूही होऊ शकतो.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, थोडं धूसर दिसतंय, थेंब लिहून द्या." बुबुळाच्या खालच्या कडेला रक्त साचलं होतं. त्यांना तडक नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. नजर वाचली.

म्हणून लक्षात ठेवा:
• मागे वळून बघू नका. रॅकेट चेहऱ्यासमोर ठेवा.
• खेळताना पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा वापरा. साधी काच फुटू शकते.
• मार लागल्यास डोळा चोळू किंवा दाबू नका. दुखणं कमी झालं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

खेळ मात्र सोडू नका!