लांब दावे, पक्की गाठ

चिकटणे या क्रियापदाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. माणूस चिकट म्हटला की तो कवडीचुंबक ठरतो, आणि पाहुणा चिकटला की घरातला चहासाखरेचा डबा धास्तावतो. त्या सबंध कुळात नशीब काढले ते एकट्या चिकाटीने! पण वाचकहो, नीट चिकटणे ही मोठी कला आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांचे पथ्यपाणी आज तिच्यावर चालले आहे.

आम्ही रामवाडीचे, म्हणजे पेणचेच म्हणाना. गणपतींच्या गावात या कलेचे पहिले धडे कारखान्यातच मिळतात. पाण्याच्या रंगात डिंक कमी पडला, तर देवाचा पीतांबर भक्ताच्या बोटांना लागतो. जास्त झाला, तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात.

माझी पुतणी याच विद्येतली, पण पुण्यात आणि गणपतीवाचून. रोगनिदानाच्या पट्ट्या बनविणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करते. आईवेगळी पोर, आजीनेच वाढविलेली. गेल्या दिवाळीत आमच्या आईने तिला विचारले, "काय गं, तिकडे पुण्यात तू करतेस तरी काय?"

"चिकटवते, आजी."

"मेले, त्यासाठी एवढी शिकलीस? डिंक काय पेणला मिळत नव्हता?"

आम्ही सारे हसलो. पण आईच्या बोलण्यातली खोच कोणाच्या नजरेतून सुटली नाही. पोरीने परत यावे, जवळपासचेच स्थळ पाहावे, हा तिचा हट्ट. पोरगी मुकाट्याने उठली आणि आजीची रक्तातली साखर मोजायची पट्टी घेऊन आली. अनारशाचा निकाल त्या पट्टीवरच लागायचा होता.

"आजी, या पट्टीच्या टोकावर एक विकर बसवलेलं असतं. ग्लुकोज ऑक्सिडेज म्हण हवं तर. थेंबातली साखर त्याला भेटली की किंचित वीज वाहते. यंत्र ती मोजतं. पण विकर जागेवर टिकायला हवं आणि जिवंतपणी करायचं ते कामही त्यानं तिथे करायला हवं. खरी मेख तिथेच आहे."

मग तिने जे सांगितले, ते मला एखाद्या कथेसारखे वाटले. कोळशावर बसलेले विकर साखर फोडण्याचे आपले काम सोडीत नाही, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी 1916 साली दाखविले. 1962 साली क्लार्क आणि लायन्स यांनी पातळ पडद्यांमध्ये विकर कोंडून साखर मोजण्याची युक्ती मांडली. कुठे विकर नुसते वाळवून बसवितात. पण असा टेकू धुण्यात सुटू शकतो. पक्के बांधायचे तर ग्लुटराल्डिहाइडसारखा दोन हातांचा रेणू मध्ये घालतात. एका हाताने तो पृष्ठभाग धरतो, दुसऱ्याने प्रथिन. सोन्याला गंधकाची ओढ असते, म्हणून सोन्यावर गंधकाचा दुवा चालतो. उरलेल्या मोकळ्या जागी भलतेच काही चिकटू नये, म्हणून पुष्कळदा दुधातले प्रथिन पसरतात. दूध इथेही उपयोगी पडते, हे ऐकून आईचा चेहरा जरा निवळला. असे बांधलेले विकर पुनःपुन्हा वापरताही येते. पेनिसिलिन अॅसायलेज हे औषधांच्या कामी येणारे विकर असेच बांधतात, आणि त्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही संशोधन झालेले आहे.

"मग चांगलं घट्टच बांधावं की," आई म्हणाली.

"तिथेच तर फसतं, आजी. प्रथिनाचा सगळा गुण त्याच्या घडीत असतो. चहूबाजूंनी आवळलं की घडी मोडते. कधी तोंडच खाली दबतं, मग समोर साखर येऊनही त्याला घेता येत नाही. म्हणून पुष्कळदा पृष्ठभाग आणि प्रथिन यांच्यामध्ये अणूंची एक लांबशी साखळी ठेवतात. बांधलेलं तर राहतं, पण हलायला जागा मिळते."

आई बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे गाईचं दावंच की गं! खुंट्यापाशी आखूड बांधली तर चरायची कशी? दावं लांब ठेवावं, गाठ मात्र पक्की मारावी."

कोणी काही बोलले नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात पानेच्या पाने लागली असतील ती गोष्ट आईने एका दाव्यात बांधली होती. आणि तिचे तिलाच उमगले असावे, की हे बोलणे केवळ विकराबद्दलचे नव्हते.

माया पातळ झाली की माणसे दुरावतात, हे आपण जाणतो. ती आवळून बांधली तरी माणूस हाती राहतो आणि त्याचा गुण हरवतो, हे जाणायला मात्र वेळ लागतो. आईला तो लागला नाही. साखर बेताची निघाली. तिने अर्धा अनारसा खाल्ला आणि उरलेला अर्धा पोरीच्या हातावर ठेवला. हल्ली फोनवर ती "परत ये" म्हणत नाही. "येतेस कधी?" एवढेच विचारते. आणि पोरगी पूर्वीपेक्षा अधिक वेळा येते.